उजवा हात गेल्यावर : योसेफ सुदेक, एक प्रकरण अभ्यास

फोटोग्राफीच्या गप्पांत चेक फोटोग्राफर योसेफ सुदेकचं नाव निघालं की पाठोपाठ एक वाक्य ठरलेलं असतं : 'एक हात नसूनसुद्धा केवढं काम केलं!' त्यातल्या 'नसूनसुद्धा'पाशी मी दर वेळी अडखळतो. या शब्दाने माणसाचं कौतुक होतं खरं, पण प्रकरणही तिथंच मिटतं. हात गेल्यावर त्याचं पोट कशावर चाललं, कॅमेरा तिपाईवर कसा चढायचा, डार्करूममध्ये सोबतीला कोण असायचं, आणि या सगळ्याचा त्याच्या फोटोंच्या दिसण्याशी काही संबंध आहे का, हे प्रश्न कुणी विचारतच नाही. मला ते विचारायचे आहेत. कारण शरीराच्या अडचणीसह कॅमेरा हातात घेणाऱ्या माणसाला कौतुकापेक्षा या उत्तरांचा उपयोग जास्त आहे.

बाइंडरचे दोन हात

सुदेकचा जन्म १७ मार्च १८९६ चा, बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, कोलीन गावातला. तो मुलूख तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. वडील रंगारी होते. पोरगा लहान असतानाच ते गेले. मोठा झाल्यावर सुदेक प्रागमध्ये पुस्तकबांधणी शिकला. फोटो काढायचा नाद तेव्हापासूनच होता, पण हौस म्हणून. धंदा बांधणीचाच करायचा होता.

बांधणीचं काम कुणी जवळून पाहिलं असेल तर पुढे काय झालं ते नीट कळेल. छापील कागदाच्या घड्या घालून फर्मे करायचे, ते एकावर एक रचायचे आणि सुईदोऱ्याने शिवत जायचं. एक हात फर्म्याच्या पोटात असतो, दुसरा बाहेर. आतला हात सुई बाहेर ढकलतो, बाहेरचा ती ओढून घेतो आणि परत आत देतो. दोरा ताणून धरला नाही तर पाठ ढिली पडते. पुठ्ठ्यावर कापड चढवताना एका हाताने ओढायचं आणि दुसऱ्याने लगोलग दाबून बसवायचं, कारण सरस कुणासाठी थांबत नाही. म्हणजे हा धंदा दोन हातांच्या आपसातल्या देवाणघेवाणीवरच चालतो.

१९१५ मध्ये सुदेकला सैन्यात ओढलं आणि इटलीच्या आघाडीवर धाडलं. तिथंही त्याच्याजवळ कॅमेरा होता. विशी नुकती ओलांडली असताना तोफगोळ्याची कपची उजव्या दंडात घुसली. जखम चिघळत गेली आणि शेवटी हात खांद्यापासून काढावा लागला. पुढची काही वर्षं एका इस्पितळातून दुसऱ्यात अशी गेली. बाइंडरचा धंदा संपला होता.

आता एक गोष्ट, जी 'जिद्द' नावाच्या जाड रंगाखाली नेहमी झाकली जाते. युद्धात अपंग झाल्याबद्दल सुदेकला पेन्शन मिळत होती. ती मोठी नव्हती, पण दर महिन्याला येत होती. म्हणूनच एक हात गमावलेल्या तरुणाला मिळेल ते काम पत्करावं लागलं नाही आणि १९२२ ते १९२४ प्रागच्या ग्राफिक कलाशाळेत कारेल नोवाक या शिक्षकाकडे फोटोग्राफी रीतसर शिकता आली. जिद्द होतीच, पण शाळेची वर्षं काढायला तेवढी पुरत नाही. हे प्रकरण कुणाला उदाहरण म्हणून सांगायचं असेल तर त्यातून पेन्शन वगळू नये असं मला कळकळीने वाटतं. नाहीतर ज्याच्यापाशी तसा आधार नाही त्याला आपण नुसतंच सांगत बसतो की बघ, त्याने करून दाखवलं.

त्याच काळात त्याने प्रागच्या इनव्हालिदोव्नामध्ये, म्हणजे जायबंदी सैनिकांसाठी बांधलेल्या जुन्या वास्तूत, फोटो काढले. हे काम १९२२ ते १९२७ असं चाललं. खोलीत बसलेली माणसं, खिडकीतून तिरपा येणारा उजेड, त्या उजेडात अर्धवट विरघळलेले चेहरे. जखमेवर कॅमेरा रोखलेला नाही, करुणा मागितलेली नाही. काढणारा स्वतः त्यांच्यातलाच होता, त्यामुळे त्याला कुणाकडे टक लावून पाहायची गरज पडली नसावी. पुढच्या आयुष्यात त्याच्या फोटोंतून माणसं हळूहळू निघून गेली. उजेड मात्र राहिला, आणि तो याच खोल्यांतून त्याच्याबरोबर आलाय असं ते फोटो पाहताना वाटत राहतं.

हात शोधायला

१९२६ मध्ये चेक फिलहार्मोनिक या वाद्यवृंदातले मित्र वाजवायला इटलीला निघाले आणि सुदेक त्यांच्याबरोबर गेला. दौरा पुढे सरकता सरकता एके दिवशी त्या मुलुखात पोचला, जिथं त्याला कपची लागली होती. मैफल सुरू असतानाच तो उठून बाहेर पडला. अंधारात वाट चुकला, शोधत राहिला, आणि शहराबाहेर दूर, पहाटेच्या सुमाराला, दवाने भिजलेल्या शेतांत त्याला ती जागा सापडली. जखमी झाल्यावर ज्या शेतकऱ्याच्या घरात त्याला आणून ठेवलं होतं ते घर तसंच उभं होतं. हात तिथं नव्हता.

हे त्याने स्वतः पुढे सांगितलेलं आहे. मित्रांनी पोलिसांकरवी शोध घेतला, पण हा काही परत येईना. प्रागमध्ये उगवला तो सुमारे दोन महिन्यांनी. आणि त्यानंतर त्याने परदेशी जाणं सोडलं. जे शोधायला गेलो तेच सापडलं नाही, तर आता कुठं कशाला जायचं, असं त्याचं म्हणणं.

ही हकिकत वाचून डोळे भरून येतात. पण प्रकरण म्हणून पाहताना तिचं महत्त्व वेगळं आहे. अपघातानंतर नऊ-दहा वर्षं उलटली होती. तोवर तो शिकला होता, १९२४ मध्ये यारोमीर फुंके आणि इतर सोबत्यांबरोबर त्याने चेक फोटोग्राफर्सची नवी संस्थाही उभी केली होती, कामं मिळत होती. बाहेरून पाहणाऱ्याने 'सावरला' असं लिहून फाइल बंद केली असती. आणि हा माणूस रात्रभर शेतात हात शोधत फिरत होता. सावरणं आणि शोधणं दोन्ही एकाच वेळी चालू असतं. फोटोग्राफीने त्याचं दुःख 'बरं' केलं, असं जे कुणी म्हणेल त्याला मी ही रात्र दाखवीन. फोटोग्राफीने त्याला काय दिलं, तर त्या दुःखासकट दिवसभर करण्यासारखं काहीतरी. हे कमी नाही.

तिपाईचे तीन पाय

सुदेक जड लाकडी कॅमेरे वापरायचा. १३×१८ सेंटिमीटरपासून ३०×४० सेंटिमीटरपर्यंतच्या निगेटिव्हचे, भात्याचे, मागे काच असलेले. तिपाई वेगळी. एक हात असलेल्या माणसाने एवढं वजन का उचलावं, असा प्रश्न पहिल्यांदा ऐकणाऱ्या प्रत्येकाला पडतो. १९२५ मध्ये लायका बाजारात आला होता, खिशात मावणारा. तो का नाही घेतला?

उत्तर कॅमेऱ्याच्या बांधणीत आहे. लायका छोटा आहे, पण दोन हातांसाठी घडवलेला आहे. शटरचं बटण उजवीकडे, फिल्म पुढे सरकवायची चकती उजवीकडे, आणि डाव्या हाताने लेन्स धरून फोकस. छोटा कॅमेरा डोळ्याशी धरणं हेच एका हाताचं अख्खं काम आहे. मग बाकीचं कोण करणार? आणि सुदेकचा तर उजवाच हात गेलेला. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांचीही मूठ, बटण आणि चकत्या उजवीकडेच असतात. डाव्या एका हाताने काम करणाऱ्याला आजही आधी कॅमेऱ्याशी भांडावं लागतं, विषयाशी नंतर.

तिपाईवरच्या जड कॅमेऱ्याचं उलट आहे. वजन एकदा खाली ठेवलं की ते हाताचं राहत नाही, तिपाईचं होतं. मग हात मोकळा. एका वेळी एकच काम, सावकाश. म्हणजे जो कॅमेरा वजनाने अशक्य वाटतो तो कामाच्या पद्धतीने एका हाताला जास्त सोयीचा आहे. वाहून न्यायचा त्रास मोठा आहेच. पण तो त्रास फोटोच्या आधी संपतो, फोटोच्या क्षणी नाही. ही निवड त्याने नेमकी याच हिशेबाने केली असं कुठं नोंदलेलं नाही. मोठ्या निगेटिव्हचं त्याला वेड होतं हे उघड आहे. पण दोन्ही गोष्टी एकमेकींना अगदी चपखल बसतात.

हे कागदावर पटत असलं तरी प्रत्यक्षात कसं होतं ते पाहावं म्हणून मी एकदा उजवा हात कमरेच्या पट्ट्यात अडकवून असा कॅमेरा लावून पाहिला. तासाभराच्या नाटकातून कुणाचं आयुष्य कळत नाही, हे आधीच सांगतो. पण कामाच्या पायऱ्या मात्र कळतात.

काळं कापड डोक्यावरून घ्यायचं, ते खांद्यावरून सरकतं. काचेवर चित्र उलटं दिसतं, खाली डोकं वर पाय. एका हाताने फोकसची चकती फिरवायची म्हणजे भिंग धरायला कुणी नाही, म्हणून भिंग दातांत. फोकस झाला की शटर बंद, लेन्सचं छिद्र कमी, शटर चढवलेलं. आता फिल्म होल्डर, म्हणजे फिल्म उजेडापासून झाकून ठेवणारी चपटी पेटी. मागची काच स्प्रिंगने घट्ट दाबलेली असते. ती ओढून धरायची आणि त्या फटीत होल्डर सरकवायचा. ही दोन हातांची गोष्ट. मी होल्डरच्या कडेनेच फट पाडली आणि छातीने रेटत तो आत घातला. फोकस हलला. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा होल्डर बसला, तर त्याची डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मवरची सरकती झाकणपट्टी, ओढताना अख्खा होल्डरच बाहेर येऊ लागला, म्हणून खांदा टेकवून स्लाइड उपसली. मग शटर उघडणारी केबल दाबली. स्लाइड परत आत घालताना कड सापडेना. एका फोटोला चोवीस मिनिटं लागली. आणि त्या चोवीस मिनिटांत समोरच्या भिंतीवरचा उजेड दोनदा बदलला होता. मी एरवी तो कधी पाहिलाच नसता.

सुदेकला ओळखणाऱ्यांनी लिहून ठेवलंय की तो कॅमेरा मांडीवर घेऊन जुळवाजुळव करायचा आणि हात पुरला नाही तर दात वापरायचा. ते वाक्य मी पूर्वी केविलवाणं म्हणून वाचलं होतं. आता ते मला कारागिराचं वर्णन वाटतं. बाइंडरही दोरा दातांनीच तोडतो.

खिडकी

१९२७ च्या सुमारास त्याने प्रागच्या माला स्त्राना भागात, उयेझ्दवर, इमारतींच्या मधल्या अंगणातला एक लाकडी स्टुडिओ घेतला. छोटासा, बागेतल्या खोपटासारखा. जाहिरातीची, पुस्तकांची, वस्तूंची व्यावसायिक कामं तो करायचा. संत व्हितुस कॅथीड्रलच्या बांधकामावर त्याने काही वर्षं खपून केलेला संच १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला : दगडी कमानींच्या पायाशी टेकवून ठेवलेली घमेली-फावडी, आणि वरून कोसळणारा उजेड.

मार्च १९३९ मध्ये नाझी सैन्य प्रागमध्ये शिरलं. बाहेर कॅमेरा घेऊन हिंडणं धोक्याचं झालं. १९४० मध्ये दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे त्याला फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथीड्रलमधल्या एका मूर्तीची जुनी कॉन्टॅक्ट प्रिंट पाहायला मिळाली, ३०×४० सेंटिमीटरची. कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून उजेड द्यायचा. निगेटिव्ह जेवढी तेवढाच फोटो. मधे एन्लार्जरची, म्हणजे फोटो मोठा करणाऱ्या यंत्राची, लेन्स नाही, त्यामुळे करड्या छटांतली एकही पायरी गळत नाही. त्या दिवसापासून त्याने एन्लार्जमेंट सोडल्या. मोठा फोटो हवा तर मोठा कॅमेरा वाहायचा, हा नियम त्याने स्वतःवर घालून घेतला.

दुसरी गोष्ट म्हणजे तो स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढू लागला. ही मालिका १९५४ पर्यंत, चौदा वर्षं चालली. एकच खिडकी. बाहेर अंगणात एक वाकडंतिकडं झाड. काचेवर कधी वाफ, कधी पावसाचे ओघळ, कधी बर्फाची नक्षी. आतल्या कडेवर पाण्याचा पेला, फुलदाणी, एखादी फांदी. काही फोटोंत झाड दिसतं, काहींत नुसता त्याचा अंदाज येतो, आणि काहींत काच हाच विषय असतो. थेंब जिथून ओघळला तिथं वाफ पुसली गेलेली, आणि त्या बोटभर रेघेतून बाहेरचं झाड अचानक स्पष्ट. बाकी सगळं धूसर.

इथं फार सोपा अर्थ लावायचा मोह होतो : अपंग माणूस, चार भिंती, खिडकी. हा अर्थ चुकीचा आहे. हात जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात तो कॅमेरा खांद्यावर टाकून शहरभर हिंडलाच होता. त्याला खिडकीत बसवलं ते ताब्यातल्या शहराने. ही दोन वेगळी संकटं आहेत. हात गेल्याने धंदा बदलला आणि कामाची चाल सावकाश झाली. इटलीहून रिकाम्या हाताने परतल्यावर दूरदेशीची ओढ संपली. परकी सत्ता आल्याने जग खिडकीएवढं झालं. प्रत्येकाने वेगळं काहीतरी काढून घेतलं. सगळं मिळून 'अपंगत्वावर मात' असं एक पोतं बांधलं की यातलं काहीच दिसत नाही.

सावकाशीची सवय मात्र इथं कामाला आली. एका काचेकडे चौदा वर्षं पाहणं हे घाईच्या हाताचं काम नव्हे. आणि युद्ध १९४५ मध्ये संपलं तरी तो खिडकीवरून उठला नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. सक्तीने सुरू झालेली गोष्ट एव्हाना त्याची स्वतःची झाली होती. बाहेर पडला तोही तसाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा एक कोडॅक पॅनोरमा कॅमेरा त्याने हाताशी धरला, स्प्रिंगने लेन्स डावीउजवीकडे फिरणारा, १०×३० सेंटिमीटरच्या निगेटिव्हचा. त्याच्याने काढलेली प्रागची २८४ दृश्यं १९५९ मध्ये पुस्तकरूपाने आली. तोवर तो त्रेसष्ट वर्षांचा झाला होता.

एकटा, पण एकट्याने नव्हे

सुदेकने लग्न केलं नाही. 'एकांतप्रिय' हे विशेषण त्याला कायमचं चिकटलंय. पण त्याची बहीण बोझेना स्वतः फोटोग्राफी शिकलेली होती, त्याच्याबरोबर राहायची आणि कामात हातभार लावायची. हातभार हा शब्द इथं अक्षरशः खरा आहे. डार्करूमच्या अंधारात, ३०×४० ची ओली निगेटिव्ह एका हाताने ट्रेमधून उचलायची वेळ आली की जवळ आणखी एक जोडी हात असणं म्हणजे काय, ते तिथं उभं राहिलेल्यालाच कळतं. मंगळवारी संध्याकाळी मित्र जमायचे आणि तो त्यांना ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकवायचा. संगीतकार यानाचेक त्याचा लाडका; यानाचेकच्या हुकवाल्दी गावचे फोटो काढायलाही तो जात राहिला.

अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगला सातव्या वर्षी पोलिओ झाला आणि उजवा पाय कायमचा अधू राहिला. ती त्या पायासकट माणसांच्या दिशेने चालत गेली, छावण्यांमधून आणि शेतांमधून. सुदेक माणसांपासून वस्तूंकडे गेला. शरीरातलं अधूपण माणसाला एकाच वाटेने नेतं असं मुळीच नाही, आणि त्यातून एखादी ठरावीक 'दृष्टी' मिळते असंही नाही. या दोघांना जोडणारा धागा एवढाच की दोघांनीही आपल्या शरीराच्या गतीने काम केलं, उसन्या गतीने नाही.

१९६१ मध्ये सरकारने त्याला कलावंत म्हणून किताब दिला. असा मान मिळालेला तो पहिला चेक फोटोग्राफर. १९७४ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये त्याचं प्रदर्शन झालं. १५ सप्टेंबर १९७६ ला, ऐंशीव्या वर्षी, तो प्रागमध्येच वारला. अंगणातला स्टुडिओ पुढे आगीत गेला. त्याच जागी आज त्याची प्रतिकृती उभी आहे.

दुसरं महायुद्ध संपल्यावर सुदेककडे सोन्या बुलाती नावाची एक तरुण मुलगी साहाय्यक म्हणून आली. ती छळछावणीतून जिवंत परतली होती. पुढे ती अमेरिकेत गेली, स्वतः फोटोग्राफर झाली आणि सुदेकवर पुस्तक लिहिलं. तिने सांगितलेला एक प्रसंग असा : दोघं एका कॅथीड्रलच्या पोटातल्या जुन्या, अंधाऱ्या दालनात शिरले. तिपाई मांडली, कॅमेरा लावला आणि जमिनीवर बसून गप्पा मारू लागले. काही घडत नव्हतं, आणि घाई कुणालाच नव्हती. मग एकाएकी सुदेक विजेसारखा उठला. उन्हाची एक तिरीप आत आली होती. ती दिसेल कशी, तर हवेत धूळ हवी. म्हणून त्या दोघांनी फडकी घेतली आणि शतकानुशतकं साठलेली धूळ झटकून झटकून उडवू लागले, तो एका हाताने आणि ती दोन्ही हातांनी, उजेड डोळ्यांना दिसेपर्यंत.